बेलिफ : पदाचा इतिहास आणि साहित्यातील प्रतिमा

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत नाझराच्या देखरेखीखाली समन्स बजावणारा व जप्ती करणारा कर्मचारी बेलिफ होय. 'नाझर' हा शब्द अरबी-फारसी दप्तरातून आला, तर 'बेलिफ' इंग्रजी अमदानीतून. या दुसऱ्या शब्दाचे मूळ ओझे वाहणारा या अर्थाच्या 'बायुलस' या लॅटिन शब्दात सापडते. फ्रान्समध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा फिलिप याने नेमलेले 'बायी' हे न्यायदानाचेही अधिकार असलेले वरिष्ठ राजाधिकारी होते. इंग्लंडमध्ये मात्र शेरीफच्या हाताखालचा अंमलदार आणि जमीनदाराचा कारभारी अशा दोघांनाही हेच नाव लागले.

1215 च्या मॅग्ना कार्टात या पदाविषयीची जनतेची धास्ती नोंदलेली दिसते. विश्वसनीय साक्षीदारांवाचून, केवळ स्वतःच्या शब्दावर बेलिफाने कोणासही न्यायचौकशीस उभे करू नये, असे कलम 38 सांगते. कलम 45 अधिक महत्त्वाचे आहे. राज्याचा कायदा जाणणाऱ्या व तो पाळण्याची इच्छा असणाऱ्यांनाच बेलिफ नेमावे, अशी त्याची अट आहे. म्हणजेच बेलिफ हा केवळ हुकमाचा वाहक नसून त्याला कायद्याची जाण हवी, हे तेथे गृहीत धरले आहे.

साहित्याने नेमकी हीच गोष्ट दृष्टीआड केली. चॉसरच्या 'फ्रायरची कथा' मध्ये धर्मन्यायालयाचा समन्स बजावणारा लाजेपोटी आपला व्यवसाय लपवतो आणि स्वतःस बेलिफ म्हणवतो. वाटेत भेटलेला सोबतीही बेलिफ म्हणून वावरत असतो; प्रत्यक्षात तो सैतानाच्या घरचा निघतो. तरीही चौदाव्या शतकात लाज झाकण्यास हे पदनाम उपयोगी पडत होते, हा तपशील नजरेआड करण्याजोगा नाही.

डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' (1852-53) या कादंबरीपर्यंत ही प्रतिष्ठा उरलेली नाही. कर्जदारांना पकडणारा नेकेट तेथे आपल्या नावानेही ओळखला जात नाही; ऋणको स्किम्पोल त्याला 'कोव्हिन्सेस' म्हणतो, आणि हे नाव कर्जदारांना डांबण्याच्या घराचे आहे. नेकेटच्या मृत्यूनंतर त्याची तीन मुले एका खोलीत राहतात. थोरली चार्ली, वय तेरा वर्षांहून किंचित अधिक, धुणी धुऊन धाकट्यांना पोसते. बापाच्या धंद्यामुळे शेजारी त्यांच्यापासून फटकून राहतात. स्किम्पोल मात्र, आपल्या कर्जामुळेच या कुटुंबाला अन्न मिळत होते, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेतो. वडिलांच्या कर्जापायी आलेल्या तुरुंगवासाची झळ 1824 साली सोसलेल्या लेखकाने जप्तीवाल्याच्या मुलांना ही करुणा द्यावी, हे उल्लेखनीय आहे. पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. जिवंत नेकेट पांढरा कोट घालून घाम पुसत बसतो, विचारल्यावर मोजके बोलतो. उन्हे व पाखरे पाहून ऋणकोची दया आली नाही का, या स्किम्पोलच्या प्रश्नावर, तसे काही मनात आले नाही, एवढेच त्याचे उत्तर. त्याच्या मनात काय होते, हे कादंबरी विचारत नाही. सहानुभूतीसाठी त्याला मरावे लागते.

इंग्लंडमध्ये 2007 च्या कायद्याने, 2014 पासून, खासगी बेलिफांसाठी 'अंमलबजावणी अभिकर्ता' हे नाव आणले. नाव बदलल्याने काम सौम्य होते, ही समजूत भाबडी वाटते.

भारतात 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे तसेच धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळते. कलम 62 अन्वये सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. ही दया कायद्याने लिहिली खरी. पण गळ्यातला कोणता दागिना रूढीत बसतो आणि कोणता नाही, याचा पहिला निवाडा न्यायाधीश नव्हे, उंबऱ्यावर उभा असलेला बेलिफ करतो.