कासवाच्या पाठीवरचे तीन तारे

मायांच्या नक्षत्रांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला लिंडा शील, डेव्हिड फ्रायडेल आणि जॉय पार्कर यांचा 'माया कॉसमॉस' (१९९३) ओलांडून जावे लागते. माया सृष्टिकथा म्हणजे आकाशाचाच नकाशा, हा त्या ग्रंथाचा दावा. ग्रंथ मोहात पाडतो. त्यातले एक विधान मला पटते, दुसरे पटत नाही; आणि दोन्ही मृग नक्षत्राविषयीच आहेत.

मेक्सिकोतील चियापास प्रांतात बोनाम्पाक येथे आठव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रे आहेत. कैद्यांच्या प्रसंगाच्या वर, छताच्या उतारावर एक कासव रंगवले आहे. त्याच्या पाठीवर ताऱ्याची तीन चिन्हे. आपण ज्यांना मृगाच्या पोटातला बाण म्हणतो तेच हे तारे, असे ग्रंथकार म्हणतात. यावर आक्षेप आहे तो मोतुल कोशाचा. सोळाव्या शतकातला हा युकातेक-स्पॅनिश कोश 'आक-एक्', म्हणजे कासव-तारा, मिथुन राशीत सांगतो. पण राशी वेगळी आणि तारकासमूह वेगळा, हे पंचांग चाळणाऱ्या मराठी वाचकाला सांगायला नको. युरोपीय राशी सायन. त्यांचे मिथुन म्हणजे संपातापासून ६० ते ९० अंश. संपातचलनामुळे त्या शतकात मृगाचा बाण याच तीस अंशांत येत होता. तेव्हा कोश ग्रंथकारांच्या विरोधात जातोच असे नाही. मला तर तो त्यांच्याच बाजूचा साक्षीदार वाटतो.

चुलीचे मात्र तसे नाही. ग्वातेमालातील क्विरिग्वा येथील 'सी' शिलास्तंभ (इ.स. ७७५) इ.स.पू. ३११४ मध्ये तीन दगड मांडले गेल्याचे सांगतो. आजचे किचे माया मृगातल्या तीन ताऱ्यांना चुलीचे दगड मानतात आणि मधल्या तेजोमेघाला धूर. ग्रंथकारांनी दोन्ही गोष्टी एकत्र शिवल्या. स्तंभावर आकाशाचा उल्लेख आहे, पण एकाही ताऱ्याचे नाव नाही. शिवाय मध्ये बाराशे वर्षे आहेत, आणि त्यांत स्पॅनिश आक्रमणही. चुलीच्या त्रिकोणात बाणातला एकच तारा येतो, हेही ध्यानात घ्यावे.

कथेतून आकाश वाचण्याचा हा मोह आपल्या ओळखीचा आहे. बरोबर शंभर वर्षे आधी, १८९३ मध्ये, टिळकांनी 'ओरायन'मध्ये याच मृगावरून वेदांचा काळ काढला होता. मात्र वसंतसंपात मृगात कधी होता, हे गणिताने तपासता येते. चुलीच्या जोडणीला अशी कसोटी मला दिसत नाही.

याउलट 'पोपोल वुह'मधली चारशे मुलांची कथा पाहा. सिपाकना त्यांच्यावर घर पाडून त्यांना मारतो आणि ती आकाशात जाऊन 'मोत्स' होतात. किचे भाषेत मोत्स म्हणजे कृत्तिका. हे कथा स्वतःच सांगते. युकातेकमध्ये त्याच कृत्तिकांना 'त्साब' म्हणतात, म्हणजे सापाच्या शेपटीचा खुळखुळा. एका पुंजक्याची ही दोन चित्रे. ग्रंथकारांच्या एकसंध नकाशात त्यांना शेजारी शेजारी बसवणे सोपे नाही.