मंडळी

नव्या कराराच्या मराठी भाषांतरात ‘मंडळी’ हा शब्द ज्या कुणी प्रथम योजिला, त्याचा कान फार चांगला असला पाहिजे. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे हाक घालून बोलाविलेल्या नागरिकांची सभा. त्यात देवाधर्माचे मुळात काही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस शहरी चांदीचे देव्हारे घडविणारे कारागीर दंगा माजवितात, नाट्यगृहात गर्दी उसळते, आणि पुष्कळांना आपण कशाला आलो हेच ठाऊक नसते. त्या गर्दीलाही हाच शब्द! चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा नि घंटा येते. नव्या करारात ह्या शब्दाने इमारत कुठेच अभिप्रेत नाही.

‘मंडळी जमली’ असे आपण म्हणतो. माणसे अनेक, क्रियापद एकवचनी! शिवाय जुने गृहस्थ पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आणि मंडळी ह्यांना पतिपत्नीची उपमा दिली आहे. तेथे मराठी वाचकाला जे हसू येते, ते मुळीच वावगे नव्हे.

एकीचा खरा कस लागतो तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात. कुणी पौलाचा म्हणवितो, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा. पौल ह्यावर रागावतोच. पण पंगतीची हकीकत कानी आल्यावर तो कडाडतो. प्रभुभोजनाला जमून काही जण आपापले आधी खाऊन-पिऊन झिंगतात, गरीब उपाशी बसतात. त्यानंतरच्या अध्यायात हात, पाय, डोळे मिळून एक शरीर हा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. प्रवचनकार दृष्टान्त उचलतात नि पंगत गाळतात, म्हणून तो गुळगुळीत होतो. पंक्तिप्रपंच घरोघर पाहिलेल्या आपल्या लोकांना तरी तो तसा वाचता येऊ नये.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभे राहिले. घटना मोठी खरीच. पण पौल तेथे असता, तर त्याने आधी जेवणाची ताटे पाहिली असती.

त्यापूर्वी, १९१७ साली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. मंडळीची वेस नेमकी कुठे, असे विचारण्याचे धाडस त्यात होते. पुढे दोनच वर्षांनी टिळक वारले. नावाविषयी मात्र ह्या कवीशी माझे भांडण आहे. दरबार म्हटला की मानकऱ्यांच्या बैठकी आल्या. ‘मंडळी’सारखा शब्द हाताशी असता त्यांनी तो का टाकावा?