आधी पाणी, मग बाप्तिस्मा

रविवारी सकाळी आमच्या कसबा पेठेतल्या घरात एक वाद ठरलेला असतो. आई बायबल पिशवीत घालून दाराशी उभी असते. मी गादीवर, मोबाइलवर उपासनेचं थेट प्रक्षेपण लावून बसलेला. "आई, चर्च म्हणजे काय इमारत असते का गं?" हे माझं हुकमी वाक्य. लॉकडाऊनमध्ये सापडलं, पुढे सोयीचं म्हणून ठेवलं.

वाक्य चुकीचं नाही. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे जमलेल्या लोकांची सभा. मराठी बायबलात त्यासाठी 'मंडळी' आहे, आणि मला तो 'चर्च'पेक्षा नेमका वाटतो. "मंडळी जेवायला बसली" म्हटलं की डोळ्यांपुढे भिंती येत नाहीत, माणसं येतात.

पण या वाक्यातली माझी चलाखी उघडी पाडली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'नं. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र मी यंदा पहिल्यांदा सलग वाचलं. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परतल्या त्या सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाशी झगडून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900मधला. क्रम बघा: आधी माणसांच्या हातचं पाणी, मग बाप्तिस्म्याचं.

त्या पाण्याची किंमत पुण्याला ठाऊक आहे. आमच्यापासून फार लांब नसलेल्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली झालेल्या चहापानावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलं होतं. इतका मोठा उंबरठा ओलांडताना लक्ष्मीबाई आवाज चढवत नाहीत. चूल, भांडीकुंडी, स्वतःची फजिती यांतूनच सांगतात. म्हणून ते पटतं.

नारायणरावांचं उत्तर वेगळं होतं. 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र, परदेशी मिशनच्या हुकमतीबाहेर. दिवसभर सर्व्हर सांभाळणाऱ्या मला ही मोकळी रचना भुरळ घालते. पण सगळा भार एकाच ठिकाणी असलेली यंत्रणा कशी बसते, तेही मला माहीत आहे. 1919मध्ये टिळक गेले आणि दरबार टिकला नाही. कल्पना भव्य होती. तरी मला दरबारापेक्षा लक्ष्मीबाईंचा पाण्याचा हंडा मंडळीच्या अर्थाजवळ जाणारा वाटतो. तो रोज भरावा लागतो, आणि त्याला सिंहासन लागत नाही.

एक तक्रार मात्र आहे. आमचं घराणं नगरकडचं, महारवाड्यातून मंडळीत आलेलं. लक्ष्मीबाई पाणी घेतात तेव्हा मला समोरच्या हातांत माझी पणजी दिसते. तिला काय वाटलं असेल? उपकार, राग, की नुसतं 'घ्या बाई, तहान लागली असेल'? पाणी घेणारीचा झगडा या पुस्तकात सविस्तर आहे. देणाऱ्याची बाजू फारशी ऐकू येत नाही. मोठ्या पुस्तकातली ही मोठी उणीव आहे, आणि ती भरणं आता आमच्यासारख्यांचं काम आहे.

एवढं वाचून झाल्यावर माझं हुकमी वाक्य माझ्यावरच उलटलं. चर्च म्हणजे इमारत नाही, हे खरं. पण म्हणून ते सोपं होत नाही. भिंती वजा केल्या की माणसं उरतात, आणि खरी अडचण तीच असते. मोबाइलच्या पडद्यावर माझ्याकडे कुणी पाणी मागत नाही, आणि मला कुणाच्या हातचं घ्यावंही लागत नाही.

गेल्या रविवारी आईबरोबर गेलो. उपासनेनंतर चहा वाटायचं काम माझ्याकडे आलं. ज्या काकांशी आमच्या घराचं दोन वर्षं बोलणं नाही, ते रांगेत तिसरे होते.