खांडक्या बल्लाळशाहाचा काळ : परंपरा व गणित

चांद्याच्या गोंड राजवंशाविषयीं जें लिहिलें गेलें आहे, त्याचा मुख्य आधार मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी-अहवाल होय. स्थानिक परंपरा त्यांनीं टिपून ठेविल्या, हें ऋण मान्य करूनच त्यांच्या वंशावळीचें परीक्षण केलें पाहिजे. तींत इ. स. ८७० पासून १७५१ पर्यंत १९ राजे दिले आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सरासरी ४६ वर्षें येतात. इतकी दीर्घ कारकीर्द एखाद्यास लाभेल. एकामागून एक १९ जणांस लाभणें संभवत नाहीं.

चांदा वसविणारा खांडक्या बल्लाळशाह तेराव्या शतकांतील होय, हें प्रचलित मत ह्या वाढविलेल्या कालगणनेचेंच फळ आहे. १५९५ च्या सुमाराच्या ऐने-अकबरींत, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत, चांद्याच्या बाबजी नामक गोंड जमीनदाराचा व हिऱ्यांच्या खाणीजवळील वैरागडचा उल्लेख येतो. हा बाबजी म्हणजे वंशावळींतील बाबाजी बल्लाळशाह, असें मानण्यास हरकत दिसत नाहीं. खांडक्या व बाबाजी यांच्यामध्यें तीनच कारकीर्दी आहेत : हीरशाह, भूमा व लोकबा हे संयुक्त राजे, आणि कोंड्याशाह. खांडक्या १३०० पर्यंत जगला व बाबाजी १५४५ इतक्या लवकर गादीवर आला असें धरलें, तरी मधल्या प्रत्येक कारकीर्दीस ८० हून अधिक वर्षें द्यावीं लागतात. उलट पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध धरल्यास गणित सहज जुळतें. आम्हांस तोच काळ ग्राह्य वाटतो.

दंतकथेविषयींही असाच विवेक हवा. सशानें कुत्र्याचा पाठलाग केला व त्या मार्गावर तट घातला, ही कथा थोड्या फरकानें विजयनगर व अहमदाबाद यांविषयींही सांगतात; तिच्यावरून चांद्यापुरतें कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु व्याधिग्रस्त राजा, झरपट नदीच्या पाण्यानें त्यास आलेला गुण, अचलेश्वराची स्थापना व नगर वसविण्याविषयीं राणीचा सल्ला, हा भाग त्या भूमीशीं जखडलेला आहे. चमत्कार हा इतिहास नव्हे. तथापि बल्लारपुराहून राजधानी झरपटीकांठीं आली, ह्या परंपरेस आजचें देऊळ व तट अनुकूलच आहेत.

अशक्य सन कवटाळून बसल्यास उद्यां कोणी सबंध राजवंशच काल्पनिक ठरवील, हा खरा धोका आहे. म्हणून गणना ८७० पासून खालीं न आणतां बाबाजीपासून वर न्यावी. सन सोडावे लागतील. राजे सोडण्याचें कारण नाहीं.