फलकावरची आणखी एक ओळ

मुरुडहून हर्णै बंदर जवळच. तेथल्या समुद्रातला सुवर्णदुर्ग १७५५ साली तोफांच्या भडिमारानंतर आंग्र्यांच्या हातून गेला. आज पर्यटक त्याच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे काढतात. तेथे किती माणसे पडली, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. युद्धाचे साधन काळाच्या ओघात प्रेक्षणीय स्थळ होते. ही प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत कशी घडते, हे पाहावयाचे असेल तर गोव्यात बोगमाळोला जावे.

दाबोळी विमानतळानजीकचे नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. मोकळ्या आवारात सी हॉक, अलीझे ही विमाने उभी आहेत. १९७१च्या युद्धात याच जातीच्या विमानांनी 'विक्रांत'वरून उड्डाण करून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. मुलांना यंत्राच्या इतक्या जवळ जाता येते, हे या मांडणीचे निःसंशय यश होय.

तेथील सर्वांत बोलके विमान मात्र लढाऊ नाही. सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे 'रानी ऑफ एलोरा' एअर इंडियाच्या उतारूंसाठी आले, पुढे हवाई दलात गेले आणि १९७६ साली नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले. हवाई दलात या विमानांच्या जोडीला जे होते ते लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातील अवजड बॉम्बफेकी विमान. त्याची कथा विलक्षण आहे. युद्ध संपल्यावर ही विमाने कानपूरला जाणूनबुजून निकामी करून टाकण्यात आली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने त्या भंगारातून सुमारे चाळीस विमाने पुन्हा उडती केली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती १९६८ पर्यंत समुद्रावर पहारा देत होती. त्यांतले एक आज दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. काही ब्रिटन, अमेरिका व कॅनडातील संग्रहालयांत गेली.

या लिबरेटर विमानांची आपली पहिली तुकडी, पाच क्रमांकाची स्क्वाड्रन, १९४८ साली उभी राहिली, ती २ नोव्हेंबरला. आपल्या ख्रिस्तसभेत तो सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन! हा केवळ योगायोग. परंतु तो मनातून जात नाही. मेलेले यंत्र आपण कौशल्याने उठवतो, त्याला रंग देतो, त्याचे वय व इंजिनाची ताकद फलकावर लिहितो. त्याच्याखाली जी माणसे मेली, त्यांच्यासाठी त्या फलकावर जागा नसते.

माझा आक्षेप वैमानिकांच्या गौरवाला नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आजच्या जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात निष्ठेने कर्तव्य करणारा सैनिक शांततेचा सेवक मानला आहे. त्याच दस्तऐवजात रहिवाशांसह शहरे सरसकट उद्ध्वस्त करणारी युद्धकृती हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा ठरवला आहे. ही दोन्ही विधाने एकत्र धरण्याची शिकवण संग्रहालयाने द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ज्या दाबोळीच्या धावपट्टीवर पाहुणा उतरतो, तिच्यावरच १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. त्या दिवसाची आठवण गोव्यातील प्रत्येक घरात एकाच सुरात सांगितली जात नाही. इतिहासाची ही गुंतागुंत समजावून सांगण्यास याहून योग्य भूमी कोणती?

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक विमानापुढे आणखी एक ओळ लिहावी: ते कोठे गेले आणि तेथे खाली कोण राहत होते. ती लिहिली जाईपर्यंत हे काम पालकांचे. नोव्हेंबरात आपण मुलांना दफनभूमीत नेतो, क्रुसांवरची नावे वाचून दाखवतो, मेणबत्ती लावावयास शिकवतो. बोगमाळोच्या आवारात विमानाच्या पंखाखाली त्यांना उभे करून छायाचित्र अवश्य घ्यावे. आणि ते झाल्यावर, ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत त्यांच्यासाठी एकदा 'आमच्या बापा' म्हणावे.