चौघांपैकी एक नरू

अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना जयंत पवारांचं ‘अधांतर’ हाती लागलं. ते घेऊन बुधवार पेठेतल्या घरी आलो आणि एका बैठकीत पुन्हा वाचलं. गिरणी संपाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पगार गेले, मग पोरं गँगमध्ये जाणारच.’ बोलणाऱ्याच्या मनात कणवच असते. तरीही या वाचनानंतर ते वाक्य मला खटकू लागलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार पगारवाढ आणि बोनससाठी बाहेर पडले. पुढे गिरणगावात टोळ्या फोफावल्या, हे खरंच. पण धुरींच्या घरात काय दिसतं? खोली एक, ओढगस्त एकच, मुलं मात्र चार. बाबा लेखक होऊ बघतो, मोहनला क्रिकेटचं वेड, मंजूची वेगळीच घुसमट. टोळीत जातो तो एकटा नरू. पवार गरिबीला सबब करत नाहीत आणि नरूला राक्षसही ठरवत नाहीत. नाटकाचं मोठेपण मला इथे दिसतं.

त्याची मर्यादाही याच खोलीत आहे. मालक तिथे येत नाही. महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’ने (२०१०) त्याला पडद्यावर आणलं, हे चांगलंच झालं. मात्र गोळ्या आणि रक्त यांनी डोळे असे भरतात, की जमिनीचा हिशेब मागे पडतो. तो हिशेब महत्त्वाचा आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा भर रस्त्यात खून झाला. टोळ्यांना कामगारांची बेकार पोरं मिळाली, तशी सोन्याच्या भावाची जमीनही मिळाली. आपण बोलतो ते फक्त पोरांबद्दल.

माझ्या पेठेबद्दलही लोक असंच बोलतात. ‘तिकडे गुन्हे फार,’ म्हणताना बोट वळतं ते गल्लीतल्या बायांकडे. १९५६ च्या कायद्याने कुंटणखाना चालवणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं हाही. त्यामुळे पोटासाठी दारात उभी राहिलेली बाई सहज नोंदवहीत येते. तिच्या कमाईतून कोणी किती कापून घेतलं, त्याची नोंद तिथे शोधून सापडायची नाही. गिरणी कामगारांची थकलेली देणीही कधी ‘परिसरातील गुन्हे’ म्हणून मोजली गेली नाहीत.

पगार आणि गुन्हा यांचं नातं आहेच. पण ते सांगताना पगार बुडवणारा मोजणीबाहेर राहिला, तर आपली कणव फिरून पोलिसी संशयच होते. ‘अधांतर’मधल्या उरलेल्या तिघांना विसरू नये, ते यासाठी.