अडथळा एक, शब्द अनेक

इंग्रजीतील ‘हिंडर’ हा शब्द ग्रीकमध्ये नेताना एका प्रतिशब्दाने भागत नाही, असे आमचे मत आहे. ‘कोलुओ’ म्हणजे मनाई करणे. ‘एन्कोप्तो’च्या मुळाशी छेद देण्याची कल्पना आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल आपले येणे अडल्याचे पहिल्या अध्यायात ‘कोलुओ’ने, तर पंधराव्यात ‘एन्कोप्तो’ने सांगतात. १६११ च्या इंग्रजी बायबलात पहिल्या ठिकाणी ‘लेट’ आहे. आज त्याचा रूढ अर्थ उलट, म्हणजे ‘होऊ देणे’, असा आहे. पुढे पौल रोमला पोहोचतात. ते पहाऱ्यात असतानाच ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ ‘अकोलुतोस’, म्हणजे ‘विनाअडथळा’, या शब्दावर संपतो. ‘कोलुओ’शी असलेले त्याचे नाते न जपणारे भाषांतर वाचकास या शुभवार्तेला मुकवते.